अकरा टक्के मदत

आर्जवी मगदूम साडेपाच वर्षांची होती आणि तिला शर्टाची पाच बटणं लावायला नऊ मिनिटं लागायची. तिच्या आईने, प्रणिताने, एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. मग असं घड्याळ लावून आपण काय मिळवलं, असं वाटून तिला स्वतःचाच राग आला होता. पण रागाने वेळ वाचत नव्हता. मिरजेतल्या ज्या रुग्णालयात ती फिजिओथेरपिस्ट होती तिथे नऊला हजेरी लागायची, आणि साडेआठ वाजले तरी आर्जवी तिसऱ्या बटणाशी झटत असायची, तेही चौथ्या काजात.

"दे इकडे," प्रणिता म्हणायची आणि काही सेकंदांत उरकून टाकायची. बूट, डबा, बाटली, सगळ्याचं तेच.

आर्जवीला पहिलीत घालायचं होतं ती शाळा तिच्या वडिलांनी, अभिनंदनने, निवडलेली होती. तिथे प्रवेशाआधी तयारी तपासणी असायची. मुलाने वीस मिनिटांत आठ कामं एकट्याने करून दाखवायची: बटणं, दप्तराची चेन, बुटाचा बंद, डबा, पाण्याची बाटली, रेघेवर कात्री चालवणं, नाव लिहिणं, दप्तर भरणं. सहा जमली तर प्रवेश.

"एवढ्याशा पोरांची कसली तपासणी," प्रणिता म्हणाली होती.

"मला पहिलीत बुटाचा बंद बांधता यायचा नाही," अभिनंदन म्हणाला. तो कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होता आणि सहसा लहानपणाबद्दल बोलत नसे. "बाई मला वर्गापुढे खुर्चीवर उभं करायच्या आणि बांधून द्यायच्या. पोरं हसायची. वर्षभर. तिच्यावर ती वेळ नको."



प्रणिताच्या कामाच्या ठिकाणी तेव्हा बाही वापरात येऊन दोन वर्षं झाली होती. मनगटापासून कोपरापर्यंत चढवायची, पातळ कापडाची, आतून लहान लहान चकत्या शिवलेली बाही. अर्धांगवायू झालेल्या माणसांसाठी ती बनवलेली होती. आपण बोट हलवायचं ठरवतो तेव्हा मेंदूचा निरोप आधी कोपर-मनगटामधल्या स्नायूंपर्यंत येतो, अगदी क्षीण विजेच्या रूपात, आणि बोट त्यानंतर काही शतांश सेकंदांनी हलतं. बाहीतल्या चकत्या तो निरोप मधेच ऐकतात. हाताला काय करायचंय याचा अंदाज बांधतात, आणि नेमक्या स्नायूला हलकासा विद्युतप्रवाह देऊन ते काम पूर्ण करून घेतात. चिमटा बसत नाही, मुंग्याही येत नाहीत. आपणच केलं असं वाटतं.

आप्पा चौगुले नावाचे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर आठ महिने उजवा हात मांडीवर ठेवून बसून होते. बाही चढवल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी चहाचा कप उचलला आणि प्रणिताला म्हणाले, "गिअर टाकल्यागत वाटलं बघा." दर आठवड्याला बाही मदत थोडी कमी करत गेली. पाचव्या महिन्यात त्यांनी ती परत केली आणि मोकळ्या हाताने सही करून घरी गेले.

म्हणून कंपनीने लहान मुलांसाठी बाही काढली तेव्हा प्रणिताने फारसा विचार केला नाही. तिने आर्जवीसाठी एक घेतली. इतकंच नाही, तर आर्जवीच्या बालवाडीच्या शमाताई मुल्लांना गाठून तिने तिथेही ती आणवली.

शमाताई तीस वर्षं बालवाडी चालवत होत्या. त्यांनी बाही उलटी-सुलटी करून पाहिली.

"मुलांना उशीर लागतो, त्याला औषध कशाला?" त्या म्हणाल्या.

"औषध नाही ताई. बोट धरून चालवतो तसं आहे. मी रोज पेशंटवर वापरते. मुलाला जमायला लागलं की बाही आपोआप सोडून देते."

"तुम्ही सांगताय म्हणून हो म्हणते," शमाताई म्हणाल्या. हे वाक्य पुढे प्रणिताला फार छळणार होतं.

एकोणीस मुलांपैकी अठरा मुलांनी बाही घातली. झोया नावाच्या एका मुलीला चकत्यांनी पुरळ उठलं, म्हणून तिची तेवढी काढावी लागली.

तीन आठवड्यांत घर बदललं. आर्जवी सकाळी स्वतः बटणं लावायची, एका मिनिटात. बुटाचे बंद दोन फासांचे, अगदी सारखे. अभिनंदनने त्याची चित्रफीत काढून आपल्या बहिणीला पाठवली. प्रणिता पहिल्यांदाच बसून चहा प्यायली. बालवाडीतले आईबाप रस्त्यात थांबून तिचे आभार मानायचे. बाहीच्या अ‍ॅपवर रोज मदतीचा आकडा यायचा: सत्तर टक्के, मग बावन्न, मग तीस. एप्रिलच्या सुरुवातीला तो अकरावर आला.

अकरावर आला, आणि तिथेच राहिला.

मग एका सोमवारी कंपनीने दुरुस्तीसाठी शहरातल्या सगळ्या बाह्या एका दिवसाकरता बंद ठेवल्या. प्रणिताने आर्जवीला बाही न घालताच शर्ट दिला आणि स्वयंपाकघरात गेली. पंधरा मिनिटांनी बाहेर आली तर आर्जवी शर्टाच्या दोन बाजू अंगावर घेऊन तशीच बसलेली. हात मांडीवर.

"काय गं, लाव की बटणं."

"हात निघत नाहीये," आर्जवी म्हणाली.

"म्हणजे काय? दुखतोय का?"

"नाही. निघतच नाहीये." रिक्षा अजून आली नाही हे सांगावं तशा आवाजात ती बोलत होती.

प्रणिताने तिचा हात तपासला. बोटं मऊ, उबदार, पकड चांगली. तिने बटण आर्जवीच्या चिमटीत ठेवलं. आर्जवीने ते धरलं आणि त्याच्याकडे पाहत राहिली. पूर्वी ती निदान चुकायची तरी. भलत्या काजात घालायची, डब्याचं झाकण दातांनी ओढायची, चिडून बूट फेकायची. आता काहीच करत नव्हती.

"अगं कर ना. काल केलंस की. रोज करतेस."

"थांब ना. निघेल."

प्रणिताचा आवाज चढला. पुढे ज्यांची आठवण काढायला नको वाटेल अशा शब्दांत ती मुलीला बोलली. आर्जवी रडली, पण रडतानाही हात मांडीवरच होते, डोळे पुसायला गेले नाहीत. तेव्हा प्रणिता घाबरली. तिने रुग्णालयात कळवलं की उशीर होईल, आर्जवीचे डोळे पुसले, बटणं लावली आणि तिला घेऊन बालवाडीत गेली.

डब्याची वेळ होती. सतरंजीवर मुलं ओळीने बसलेली, पुढे डबे बंद. शमाताई आणि मदतनीस एकेक डबा उघडत चालल्या होत्या. अशी शांत बालवाडी प्रणिताने कधी पाहिली नव्हती. फक्त एकीचा आवाज येत होता. झोयाने आपला डबा दोन गुडघ्यांत धरला होता, फ्रॉकच्या टोकाने झाकण पकडून ती पिळत होती. झाकण उडालं, निम्मा उपमा सतरंजीवर सांडला. झोयाने तो गोळा केला, हात फ्रॉकला पुसले आणि शेजारच्या मुलाचा डबा ओढून घेतला.

"सकाळपासून तिने पाच जणांचे उघडून दिलेत," शमाताई म्हणाल्या. त्यांनी प्रणिताकडे पाहिलं नाही.

"ताई, मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं. पण मी विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी प्रणिताने कंपनीला फोन लावला. पहिल्या बाईने बाही स्वच्छ कशी ठेवावी ते सांगितलं. दुसऱ्या माणसाने आर्जवीचा आलेख उत्तम असल्याबद्दल कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी एका आवाजाने तक्रार क्रमांक दिला, आणि त्या क्रमांकावर आणखी दोनदा तेच सगळं झालं. आपण रुग्णालयातून बोलतोय, मोठी ऑर्डर द्यायची आहे, असं ती अखेर खोटं बोलली, तेव्हा शार्दूल नावाचा एक तरुण अभियंता पडद्यावर आला.

"माझ्या मुलीची मदत अकरा टक्क्यांवर का थांबली आहे?" तिने विचारलं. "शून्यावर का जात नाही?"

"सगळ्याच मुलांची तिथे थांबते मॅडम. त्याखाली नेलं की मूल काम सुरूच करत नाही. म्हणून आम्ही तिथे खालची मर्यादा घातली."

"मग ती अकरा टक्के मदत कशाची आहे?"

"सुरुवातीची."

पुढचं त्याने प्रणिताला सांगायची गरज नव्हती. ते ती कॉलेजात शिकली होती, आणि विसरलीही नव्हती. मेंदू हाताला हुकूम देताना काय घडेल याचा एक अंदाजही स्वतःजवळ ठेवतो. बोट चुकीच्या जागी गेलं की अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फरक पडतो, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू त्या फरकावरूनच पुढचा हुकूम सुधारतो. चूक हेच त्याचं अन्न. बाही मात्र चूक घडण्याच्या आधीच ती दुरुस्त करत होती. आर्जवीच्या मेंदूला गेले तीन महिने एकही चूक मिळाली नव्हती. अर्धवट विचार आला तरी हात निघायचा, म्हणून पुरता विचार करायची सवयही सुटली होती.

"पण माझे पेशंट बरे होतात," ती म्हणाली. "त्यांची बाही सुटते."

"त्यांना एकदा येत होतं मॅडम. त्यांना फक्त आठवायचं असतं. मुलांकडे आठवायला अजून काही नाही." तो खाली पाहून बोलत होता. "मी हे वर लिहून दिलं आहे. फेब्रुवारीत."

"मग?"

"मुलं कामं करून दाखवतायत ना, असं उत्तर आलं."

त्या शनिवारी शमाताईंनी पालकांची बैठक बोलावली. प्रणिताने सगळं समजावून सांगितलं, आपली चूक झाली हेही सांगितलं. मुलांच्या बाह्या निदान दोन महिने काढून ठेवा, म्हणाली. कुणी तिच्यावर ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं.

"तपासणी तीन आठवड्यांवर आलीये," राजवीर नावाच्या मुलाची आई म्हणाली. "शाळेने बाही चालेल म्हणून लिहून दिलंय. चष्मा चालतो तशी."

"चष्मा डोळ्यांच्या ऐवजी बघत नाही."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, घाला म्हणून?"

"हो. मीच म्हणाले होते."

"मग आता तुमच्या मुलीची काढा. आम्ही बघू." ती बाई उठली, आणि तिच्यामागून बाकीचेही उठले. दोन मुलांच्या आया तेवढ्या थांबल्या.

घरी अभिनंदननेही तेच म्हटलं, फक्त हळू आवाजात. "तपासणी होऊ दे. मग काढू. तीन आठवड्यांनी काय बिघडतंय?"

"पहिलीत गेल्यावर तू म्हणशील पहिली होऊ दे."

"आणि तू काढलीस, आणि तिला जमलं नाही तर? खुर्चीवर उभी राहणार ती, तू नाही."

प्रणिताने रात्रीची भांडी न घासता तशीच ठेवली आणि बाही कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली.

पुढचे दिवस वाईट गेले. पहिल्या चार दिवसांत आर्जवीने काहीही केलं नाही. प्रणिताने पहाटे उठवून तासभर दिला, तरी नाही. ती मुलीसमोर जमिनीवर बसायची, बटणाकडे पाहायची, आणि तिसऱ्या मिनिटाला तिचा स्वतःचाच हात पुढे जायचा. एकदा तिने बटण लावून टाकलं आणि मग कळलं की लावलं. तिला आपल्या बोटांचा इतका संताप आला की तिने हात पाठीमागे बांधून घेतल्यासारखे धरले. आर्जवी म्हणाली, "आई, तुझा निघतो लगेच."

ती शमाताईंकडे गेली. "तुम्ही तीस वर्षं कशा बसता हो? एकेक मूल अर्धा अर्धा तास लावतं. जीव जातो माझा."

"माझाही जातो," शमाताई म्हणाल्या. "मला काय मोठी शांती मिळालीय असं वाटतं का तुम्हाला? मी विणत बसते. हात रिकामे ठेवले की ते मुलांच्या डब्यात जातात."

प्रणिताला विणता येत नव्हतं. तिने मेथी आणली. रोज सकाळी एक जुडी पुढ्यात घेऊन ती निवडत बसायची, मान खाली घालून, आणि आर्जवी समोर शर्ट घेऊन. रुग्णालयात तिला उशिराबद्दल दोनदा समज मिळाली. घरात इतकी मेथी झाली की अभिनंदनने डबा न्यायचं सोडलं.

आठव्या दिवशी आर्जवीने बटण काजाऐवजी चुकून स्वतःच्या बेंबीशी टेकवलं आणि दाबलं. काही झालं नाही. तिने पुन्हा दाबलं. मग चिडून शर्टच ओढला. प्रणिताने मान वर केली नाही, पण तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. तीन महिन्यांत मुलगी पहिल्यांदा चिडली होती.

तपासणीच्या दिवशी अभिनंदनने बाही स्वतःच्या बॅगेत घालून आणली होती. शाळेच्या व्हरांड्यात त्याने ती काढून प्रणितापुढे धरली. "मी जबरदस्ती करत नाही. फक्त विचार कर."

आजूबाजूच्या सगळ्या मुलांच्या हातांवर बाह्या होत्या. दाराआड एकापाठोपाठ एक मुलं जात होती आणि दहा मिनिटांत हसत बाहेर येत होती. प्रणिताने बाही घेतली. घडी उलगडली. तिला खरोखर घालावीशी वाटली, हे तिने नंतर कधीच नाकारलं नाही. मग तिने ती पुन्हा घडी करून नवऱ्याच्या बॅगेत ठेवली.

आत आर्जवीने डबा उघडला. चेन लावली. पाच बटणांपैकी तीन लावली, त्यातलं एक भलत्या काजात. कात्री धरून बसली असताना वीस मिनिटं संपली. तपासणाऱ्या बाई वाईट नव्हत्या. "पुढच्या वर्षी बाही घालून आणा," त्या आपुलकीने म्हणाल्या. "हुशार आहे मुलगी, उगाच मागे पडेल."

नंतर कित्येक दिवस अभिनंदन फक्त कामापुरतं बोलत राहिला. प्रणिताने कंपनीला नऊ पानी पत्र लिहिलं, त्याला दोन ओळींचं आभाराचं उत्तर आलं. शार्दूलचा नंबर बंद लागायला लागला. बालवाडीतल्या सोळा मुलांना त्या शाळेत प्रवेश मिळाला आणि त्यांच्या फोटोचा फलक चौकात लागला. रुग्णालयात जाताना प्रणिताला तो रोज दिसायचा. ती रोज वॉर्डात जायची आणि एखाद्या म्हाताऱ्या हातावर बाही चढवायची, कारण तिथे ती खरंच उपयोगी होती.

जूनमध्ये आर्जवीचं नाव महापालिकेच्या शाळेत घातलं. तिथे तपासणी नव्हती. पहिल्या दिवशी अभिनंदन न सांगता बरोबर आला. त्याच्या पिशवीत एक कोरडा फ्रॉक आणि टॉवेल होता. प्रणिताने पाहिलं आणि काही विचारलं नाही.

प्रार्थनेनंतर मुलं पाण्याच्या टाकीपाशी रांगेने उभी राहिली. नळ जुने होते, फिरवायचे, आणि घट्ट. आर्जवीची पाळी आली. तिने एका हाताने फिरवला, फिरला नाही. दुसरा हात लावला आणि सगळा जोर लावून उलट्या बाजूला पिळला. नळ आणखी घट्ट बसला. ती थांबली. फाटकाशी उभ्या असलेल्या प्रणिताला तिचे हात खाली येताना दिसले.

अभिनंदन एक पाऊल पुढे झाला. प्रणिताने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो तिथेच उभा राहिला.

आर्जवीने बाटली खाली ठेवली. नळाकडे वाकून पाहिलं. मग दोन्ही हात फ्रॉकला पुसले, पाय रोवले आणि दुसऱ्या बाजूला पिळला. पाणी एकदम उसळलं. तिच्या तोंडावर, नव्या फ्रॉकवर, मागच्या मुलाच्या पायांवर. बाटली तशीच रिकामी राहिली, खाली पडून लवंडली.

"लवकर कर की," मागचा मुलगा म्हणाला. "मी भरून देऊ?"

"थांब," आर्जवी म्हणाली. निथळत्या हाताने तिने बाटली उचलली. "करतेय मी."

प्रणिताने घड्याळात पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. बाटली अजून अर्धीसुद्धा भरली नव्हती.